अकरा मिनिटांपैकी चार

शनिवार, १७ जानेवारी. सकाळी ९.४०. इतिहास कक्ष, दुसरा मजला, विरार पूर्व.
हजर : नववी 'ब'च्या सव्वीस मुली आणि मी. गैरहजर दोन, दोघींच्या चिठ्ठ्या आल्या होत्या.

मी असलं काही मानत नाही. एकवीस वर्षं मुलींना इतिहास शिकवतेय. पुरावा नसेल तर लिहायचं नाही, हे पहिल्याच तासाला बजावते. तरी हे लिहितेय...

उपक्रम मौखिक साधनांचा होता. घरातल्या सर्वांत वयस्कर बाईला मी दिलेले पाच प्रश्न विचारायचे, रेकॉर्ड करायचं आणि पेन ड्राइव्हवर आणायचं. वर्गात फोन चालत नाहीत. माझाही स्टाफरूममध्येच असतो. त्या दिवशी पाळी अर्नाळ्याच्या प्राचीची. तिची आजी महिनाभर अंथरुणावर होती, पण गुरुवारी दुपारी नातीसाठी उठून बसली होती. खाली मैदानात ढोल-लेझीमचा सराव चालला होता, म्हणून मी दार लोटून घेतलं. कडी लावली नाही. हे नीट आठवून लिहितेय.

फाइल अकरा मिनिटांची. पहिले तीन प्रश्न छान झाले. आजी सांगत होती, तिचं वऱ्हाड होडीतून आलं आणि नवरदेवच ओकत बसला. मुली खिदळल्या. चौथं मिनिट संपताना आवाज बदलला... बदलला म्हणजे, जवळ आला.

"प्राची, पानी दे गो."

प्राची उभी राहिली. म्हणाली, बाई, हे मी रेकॉर्ड केलेलं नाही. मागून कुणीतरी म्हणालं, विसरली असशील. तेवढ्यात स्पीकरमधून –

"दार कशाला लावलंस? ये ना गो."

मी फाइल थांबवली. प्राची दाराकडे धावली. दार उघडेना. तिच्या मदतीला दोघी, मग चौघी, मग मी. मूठ उपटून हातात आली. खिडक्यांना जाळ्या. आम्ही ओरडलो, बाकं आपटली, खाली ढोल. मी मुलींना जागेवर बसवलं, मोजलं, दमा असलेल्या मुलीला खिडकीशी नेलं. प्राची मात्र दारापाशीच. "बाई, सोडा ना मला," म्हणत होती, जणू मीच तिला कोंडलं होतं.

वीस मिनिटं.

मग शिपाई मावशींनी बाहेरून एका हाताने दार ढकललं. "उघडंच तर आहे," त्या वैतागल्या. "काय तमाशा लावलाय पोरींनो?" ऑफिसात प्राचीच्या वडिलांचा फोन आला होता : आजीचं जास्त झालंय, पोरीला पाठवा.

मी मावशींना सोबत देऊन तिला रिक्षात बसवलं. ती पोचली तेव्हा आजीला जाऊन दहा मिनिटं झाली होती.

भेटायला गेले तेव्हा वडील म्हणाले, "पावणेदहापासून पानी मागत होती, बाई. आमी दिलं की तोंड मिटायची. प्राचीच्याच हातचं पायजे होतं. आनि सारखी म्हने, दार उघडा. दार तर सताड उघडं होतं."

वीस वजा दहा. इतिहासाच्या बाईलाही वजाबाकी येते.

सुताराने दार तपासलं. चौकट फुगलेली नाही, बिजागरी ठीक. मुलींना लांब लांब बसवून ऐकलेलं लिहून घेतलं. प्राची सोडून पंचवीस कागदांवर तीच वाक्यं. मुख्याध्यापिका म्हणतात, घाबरल्यावर सगळ्यांना सारखंच ऐकू येतं. असेल. पण घाबरलो ते ऐकल्यानंतर ना?

प्राची तेराव्यानंतर शाळेत आली. "बाई, पुढचं ऐकलंत?" नाही म्हटलं. "तुम्ही आधी ऐका. मग मी ऐकायचं की नको, ते सांगा."

हो म्हणून बसले. आता ती रोज मधल्या सुट्टीत स्टाफरूमच्या दारात येते. विचारत नाही, माझ्याकडे बघते आणि जाते. ती वाक्यं फाइलमध्ये निघाली तर तिला काय सांगू? आणि नाहीच निघाली तर?

माझ्या वहीतली बाकी कामं खोडून झाली : उपक्रमाचे गुण, सुतार, नवी मूठ. मागच्या शनिवारी मुली गेल्यावर दारात बाक आडवं घातलं, पेन ड्राइव्ह लावला आणि तासभर बसून राहिले. 'प्राची – उरलेली सात मिनिटं' हे काम आजही पुढच्या पानावर उतरवलंय.