पुलावरचा गुलाबी ओगर

माझा धाकटा भाऊ कवळ्या बनवतो. दातांच्या डॉक्टरच्या दवाखान्यामागे एक अरुंद खोली आहे. तिथे खिडकीशी बसून गेली सव्वीस वर्षं तो लोकांच्या जबड्यांचे साचे ओततो, दात बसवतो, घासतो, चकाकवतो. रस्त्यात कुणी भेटलं की हा चेहरा बघायच्या आधी जबडा बघतो. "खालची सैल झालीये," म्हणतो, तेही तोंडावर. माझ्या होणाऱ्या सासूबाईंनाही म्हणाला होता. त्या "मग बघू" म्हणून उठल्या, त्या अजून बघतायत.

तर हा गडी पन्नाशी उलटली तरी दर रविवारी दुपारी राक्षस-राक्षस खेळतो, आणि तेही माझ्या जेवणाच्या टेबलावर. खेळ असा, की चौघांनी बसायचं, फासे टाकायचे आणि तोंडाने एक गोष्ट पुढे न्यायची. तिघं शूरवीर. राक्षस, राजा, वादळ, कुरकुरणारा दरवाजा, जे काही उरेल ते सगळं माझा भाऊ. औषधांच्या दुकानातली बाई तलवार चालवते. बसचा ड्रायव्हर जादूगार आहे. ग्रंथालयातून निवृत्त झालेले काका चोर आहेत. जन्मात कुणाचं पेन खिशात राहून गेलं नसेल त्यांच्या, पण इथे बघावं तर कुलपं फोडत असतात. राक्षसांच्या बोटभर मूर्ती भाऊ स्वतः करतो, कवळीच्या उरलेल्या मालातून. त्यामुळे आमच्याकडचे झाडून सगळे राक्षस हिरड्यांसारखे गुलाबी आहेत. दात मात्र एकेकाचे असे, की आपल्याला हेवा वाटावा.

सगळं सुरळीत चाललं होतं. तेवढ्यात या खेळाच्या नियमांची नवी आवृत्ती निघाली. उशाला घेता येईल एवढं जाड पुस्तक! जुन्या राक्षसांचे आकडे नव्या नियमांत चालेनात, म्हणून एकेकाचं कार्ड नव्याने लिहिणं आलं. भाऊ रोज सकाळी कामावर जायच्या आधी तासभर त्यालाच बसायला लागला. दोन पायांवर चालणारे, माणसासारखे राक्षस त्याने आधी घेतले: बुटके गॉब्लिन, डुकरतोंडे ऑर्क आणि एक आडदांड ओगर.

जुन्या कार्डांवर या सगळ्यांच्या नावापुढे एक ओळ असायची, 'स्वभाव: दुष्ट'. विषय संपला, हाणा त्याला. नव्या नियमांनी ती ओळच काढून टाकली आणि तिथे रिकामी चौकट ठेवली: 'याला काय हवंय?'

"ताई, गॉब्लिनला काय हवं असेल गं?" चहा घेता घेता त्याने विचारलं.

"मला काय विचारतोस? मी काय त्यांच्या वर्गावर होते?" मी म्हटलं. पण मग राहवेना. शाळेत इतकी वर्षं हजेरी घेतली, असले पाच-पन्नास मीही सांभाळलेत. "मागच्या बाकावरच्यांना काय हवं असतं? कुणीतरी नावाने हाक मारावी. लिही तेच."

त्याने ते मुकाट्याने लिहिलं. ऑर्कना 'कुणीतरी शाबासकी द्यावी' हेही माझंच. आता बोला, मी आयुष्यात एकदाही फासा हातात घेतलेला नाही.

राहिला ओगर. तो पुलावर उभा असतो. पूल ओलांडला की किल्ला, आणि किल्ला घेतला की नऊ वर्षं चाललेली गोष्ट संपली. शूरवीर पुलाशी येऊन ठेपले होते. ड्रायव्हर मागच्याच रविवारी म्हणाला होता, "एवढं संपवू, मग बघू." बाकीच्या दोघांनी मान डोलावली. 'मग बघू' म्हणजे काय, हे मला कुणी शिकवू नये.

गुरुवारी टेबल पुसताना ओगरचं कार्ड हाताला लागलं. नव्या नियमांप्रमाणे त्याच्यात किती जीव आहे, म्हणजे किती मार खाल्ल्यावर तो पडेल, याचा आकडा पेन्सिलीने लिहिला होता. शेजारच्या पुस्तकात साठ, आणि कार्डावर सहाशे.

"अरे, एक शून्य जास्त पडलंय."

"पडलं नाही," मान वर न करता तो म्हणाला. "ठेवलंय."

दातात केसाएवढी फट राहिली तर अख्खी कवळी मोडून पुन्हा करणारा माणूस हा! मला आधी हसू आलं, मग ते पार मावळलं. या घरात आम्ही दोघंच. सोमवार ते शनिवार आमचं संभाषण म्हणजे 'नळ बंद केलास का?' आणि 'केला'. रविवारी मात्र हा गुरगुरतो, गडगडतो, राजासारखे हुकूम सोडतो, आणि ती माणसं गेल्यावरही थोडा वेळ एकटाच हसत असतो. रविवार गेला तर याचं काय उरेल? पण आमच्याकडे असलं बोलायची पद्धत नाही.

"चौकट रिकामी आहे तुझी," एवढंच मी म्हटलं.

"राहू दे. त्याच्याशी कोण बोलायला येतंय? मारायलाच येणार."

रविवारी मारायलाच आले. औषधवाल्या बाईंनी दीड तास तलवार चालवली, ड्रायव्हरने होती नव्हती ती सगळी जादू ओतली, पण ओगर ढिम्म हलेना. "हा काय खातो काय!" ड्रायव्हर घाम पुसत म्हणाला. भाऊ छताकडे बघत होता.

तेवढ्यात काकांनी चष्मा चढवला. काका पुस्तक म्हटलं की प्रस्तावनेपासून वाचतात. "नव्या नियमांत पान एकशे बारावर आहे," ते म्हणाले. "माणसासारख्या राक्षसाला लढता लढताही विचारता येतं, की बाबा रे, तुला हवंय काय? आणि कार्ड ज्याच्या हातात, त्याने खरं तेच सांगायचं." मग पुलाकडे वळून त्यांनी ओगरलाच विचारलं, "काय हवंय तुम्हाला?" राक्षसालाही अहो-जाहो! काकांची तऱ्हाच तशी.

भावाने कार्ड बघितलं. चौकट कोरी. त्याने ओगरसारखा घसा खाकरला, पण ओगरचा गडगडाट काही आला नाही. आला तो त्याचा स्वतःचा, नळ बंद केल्याचं सांगणारा आवाज.

"तुम्ही पलीकडे गेलात," तो म्हणाला, "की इथे कुणीच येणार नाही."

मी ट्रे घेऊन दारात उभी होते, तिथेच थबकले. ड्रायव्हरने हातातलं बिस्किट खाली ठेवलं. ते राक्षसाचं बोलणं नव्हतं, हे कळायला कुणाला पुस्तक उघडावं लागलं नाही.

"अगंबाई, एवढंच ना?" औषधवाल्या बाई म्हणाल्या. "मग चल की आमच्याबरोबर!"

"किल्ल्यापलीकडे काय आहे हो?" काकांनी विचारलं.

"ते... ते अजून ठरलं नाहीये," भाऊ म्हणाला.

"मग ठरवा. हे ओगरसाहेब वाट दाखवतील."

ड्रायव्हरने ओगरला उचलायला हात घातला. तो उचलेना. जोर लावला, तर सगळा पूलच वर यायला लागला. "अहो, हा चिकटवलाय की काय?"

"पडू नये म्हणून," भाऊ पुटपुटला. कान त्याच्या राक्षसांहून गुलाबी झाले होते.

कट्कन आवाज झाला. ओगर ड्रायव्हरच्या हातात आणि त्याचं एक पाऊल पुलावर.

"घ्या! आता न्या लंगडत," मी म्हटलं, आणि असे हसले सगळे, की चहा निवून गेला तरी कुणाला पत्ता नाही.

जाताना ड्रायव्हर दारात वळला. "मग पुढच्या रविवारी किती वाजता?"

आणि आमचे बंधुराज छाती पुढे काढून म्हणाले, "मग बघू!"

ट्रे डोक्यात घालणार होते मी त्याच्या. "चार वाजता!" मी ओरडले. "चार म्हणजे चार. उशीर केलात तर चहा मिळणार नाही."

सोमवारी कामावरून येताना तो ओगरला नवं पाऊल करून घेऊन आला. टेबलावर उभं करून वाकून वाकून बघितलं, कुठे डुगडुगत तर नाही ना. मग खोडरबर घेतलं आणि कार्डावरचं जास्तीचं शून्य पुसून टाकलं.