गजाचं बोलतं लिनक्स

गिऱ्हाईक कमी झालं की दुकानात किस्सेच साचतात. वडनेर भोलजीत माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. गजानन माझा भागीदार, घरची शेती कपाशीची. त्या वर्षी बीटी कपाशीवर गुलाबी बोंडअळी आली अन् दुकान ओस पडलं. किस्से तेवढे उरले, सगळे गजाचेच!

*

लोक विंडोजऐवजी लिनक्स टाकतात तेही तयारच. गजा एकेक प्रोग्राम सोर्स कोडपासून कंपाइल करायचा, म्हणजे कच्च्या कोडापासून स्वतः तयार करायचा. मशीन दिवसभर घरघरायचं, लाईट गेली की पुन्हा पहिल्यापासून! डबा घेऊन आलेल्या त्याच्या आईनं एकदा विचारलं, "शिजलं का रे तुह्यं?"

"लाईट गेली ना माय!"

"मंग चूल बरी."

*

कापसाचे व्यापारी सलीमभाई. त्यांच्या कॉम्प्युटरवर गजानं अशी कडक सिक्युरिटी बसवली, की सलीमभाईच बाहेर राहिले.

"अबे, मलेच घुसू देत नाही!"

"पन चोरही नाही घुसत, भाई!"

"चोर काय नेईन बे? अळीनं ठेवलं काय?"

*

अळीसाठीच गजा फवारायला गेला. पंपाची नळी सुटली, औषध थेट डोळ्यांत. अकोल्याला दवाखाना झाला. अंधुक उजेड तेवढा राहिला.

*

बऱ्याच दिवसांनी दुकानात आला, खुर्ची चाचपत बसला. म्हणाला, "सारं नव्यानं कंपाइल करू. आता स्क्रीनवरचं वाचून बोलनारं पाह्यजे." तो सांगायचा, मी टाइप करायचो. अखेर मशीन मराठीत बोललं, अगदी शुद्ध! गजा केवढा हसला. "हे तं पुन्याचं दिसते बे!"

मीही हसलो. मग पाणी प्यायच्या निमित्तानं बाहेर गेलो.

*

पुढं त्यानं त्याच मशीनमध्ये व्हर्च्युअल मशीन बसवलं. आई डबा घेऊन आली होती. तिला हौसेनं सांगायला लागला, "माय, या कॉम्प्युटरच्या पोटात दुसरा कॉम्प्युटर हाय. काही करून पाह्याच्या आधी तो हाय तसा जपून ठेवाचा. मंग बिघडला तरी चिंता नाही."

त्यानं सांगितलं तशा मी आतल्या मशीनच्या फाइली उडवल्या. ते बंद पडलं. मग जपलेली प्रत परत आणली. मशीन पुन्हा बोलायला लागलं.

"पाह्यलं? जसंच्या तसं!"

आई त्याच्या तोंडाकडं पाहत राहिली.

"फवारनीच्या आदल्या दिवशी तुले काऊन नाही ठेवलं रे कोनं असं जपून?"