आईनंतरचं पहिलं गोड

ओव्हनच्या काचेतून मी बराच वेळ आत बघत राहिले. स्कोन, म्हणजे छोटे गोल गोडसर पाव, हळूहळू फुगत होते आणि त्यांच्यातल्या मनुका वर येऊन काळ्या पडत होत्या. आईचे दिवस काल संपले. दिवस संपले की घरात काहीतरी गोड करायचं असतं, आणि मला गोडाचं एवढंच नीट जमतं. वर घालायला क्रीमऐवजी चक्का फेटला. आई श्रीखंडासाठी दही टांगायची, त्याच फडक्यात बांधून ठेवलेला.

सगळे खाली मान घालून खात होते. शेजारच्या काकू म्हणाल्या, "छान गोड झालंय हो." बाबांनी आणखी एक मागून घेतला. मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. वाईटही वाटलं नाही.

बशा विसळायला उठले, तेव्हा ओट्यावर मिक्सरच्या मागे पिठीसाखरेची वाटी भरलेलीच दिसली. चक्क्यात साखर घालायची राहूनच गेली होती. कोणाकोणाला ते कळलं नाही आणि कोण कळूनही गप्प बसलं, कोण जाणे. की माणूस गेल्यावर गोड करतात ते चवीसाठी नसतंच? सगळ्यांनी एकत्र बसून पुन्हा घास घ्यावा, एवढ्यासाठीच असतं? तसं असेल तर आमचं गोड झालं.

पातेल्याच्या कडेला राहिलेला चक्का मी बोटावर घेऊन चाटला. मग पुन्हा एकदा चाटून पाहिला. जिभेला कसलीच चव लागली नाही. साखर नव्हती, तर आंबट तरी लागायला हवा होता.