लाल पिशव्यांचं टेबल

इस्पितळाच्या तळघरातल्या लॉन्ड्रीत खुर्ची नव्हती. पंधरा वर्षांपूर्वी होती. तेव्हाचा इन्चार्ज तिच्यावर बसून, चहाचा कप पोटावर टेकवून, उंटावरून शेळ्या हाकायचा. तो निवृत्त झाला त्या दिवशी नव्या इन्चार्ज बाईंनी ती खुर्ची स्वतः उचलून सामानाच्या खोलीत नेली आणि तिच्यावर जुन्या पडद्यांचा गठ्ठा टाकला. भाषण वगैरे केलं नाही. ‘मी सांगत बसणार नाही, करून दाखवीन,’ हे फक्त घरी नवऱ्याला सांगितलं. तो तेव्हा बस चालवायचा आणि जेवताना मान हलवायचा.

करून दाखवायला बाईंनी लाल पिशव्या निवडल्या. ऑपरेशन थिएटरमधले आणि संसर्गाच्या वॉर्डातले रक्ताने माखलेले कपडे लाल पिशव्यांतून खाली येतात. ते तसेच मशीनमध्ये टाकता येत नाहीत. एकावर एक दोन हातमोजे चढवायचे, पिशवी टेबलावर रिकामी करायची आणि चादर न झटकता हळूहळू उलगडत तपासायची. कारण आत विसरलेली कात्री असते, चिमटा असतो, कधी सुई असते. पूर्वी हे काम पाळीपाळीने, कुरकुरत व्हायचं. बाईंनी पाळ्या बंद केल्या. सकाळी सात ते नऊ लाल टेबलावर त्या स्वतः.

हिशोब साधा होता. इन्चार्जच घाणीत हात घालतेय म्हटल्यावर महिन्या-दोन महिन्यांत कुणीतरी पुढे येईल, म्हणेल, ‘सरका बाई, आज मी करते.’ पंधरा वर्षं झाली, कुणी आलं नाही. बाईंनी मनाची समजूत घातली होती की माणसं बघताहेत, शिकताहेत, वेळ आली की करतील.

वेळ आली ती उजव्या मनगटाच्या शस्त्रक्रियेमुळे. नस दबली होती. तीन आठवडे हात बांधलेला राहणार होता. पहिले तीन दिवस बाई घरी बसून नवऱ्याचा स्वयंपाक बघत होत्या.

“अगं, मीठ कुठे आहे?”

“तीस वर्षं तुमच्या डोळ्यांसमोर त्याच डब्यातून काढतेय.”

“तू काढतेस ते दिसतं. डबा कोण बघतो?”

चौथ्या दिवशी, गुरुवारी, मेट्रनचा फोन आला. लॉन्ड्रीत एक्केचाळीस लाल पिशव्या न उघडता पडून होत्या. थिएटरमध्ये हिरव्या चादरी संपल्या होत्या, दोन ऑपरेशनं पुढे ढकलावी लागली होती.

“तुमची माणसं संपावर आहेत का?”

“नाही हो. बाकीचं काम होतंय ना?”

“बाकीचं चोख होतंय. तेच तर मला कळत नाहीये.”

बाईंनाही कळेना. मेट्रन पुढे म्हणाल्या, चार महिन्यांनी तुम्ही निवृत्त होणार. तुमच्यामागे त्या टेबलाची जबाबदारी कुणाची, ते नाव सोमवारी द्या. नाव नसेल तर लाल पिशव्या बाहेरच्या कंपनीकडे जातील आणि नऊ माणसांतली चार कमी होतील. “हे माझं म्हणणं नाही, वरून आलंय.”

शुक्रवारी पावणेसातला बाई हात गळ्यातल्या झोळीत अडकवून लॉन्ड्रीत उतरल्या. नऊच्या नऊ माणसं आलेली होती. लादी कोरडी, ट्रॉल्या ओळीत. फक्त एका कोपऱ्यात लाल ढीग आणि त्याचा वास. ढिगाभोवतीची जागासुद्धा कुणीतरी स्वच्छ पुसलेली होती.

“हे काय आहे?” बाईंनी विचारलं.

रोलरवर चादरी दाबणारी, जिला सगळे रोलरवाली म्हणतात, ती म्हणाली, “तुमच्या पिशव्या आहेत बाई.”

“माझ्या? मी काय माहेराहून आणल्यात?”

“तसं नव्हे. टेबल तुमचं आहे ना. तुमच्या टेबलाला हात कसा लावायचा?”

“अगं, लावायचा म्हणून तर पंधरा वर्षं करून दाखवतेय!”

“आम्हाला काय माहीत, दाखवताय ते? आम्हाला वाटलं, करताय.”

ड्रायरवरचा माणूस धापा टाकत बोलतो म्हणून त्याचं नाव इंजिन. तो म्हणाला, “मी एकदा उघडली होती पिशवी. सहा वर्षं झाली. तुम्ही काही बोलला नाहीत. फक्त त्या पिशवीतला कपडा न् कपडा पुन्हा तपासलात. मग म्हटलं, जाऊ दे, बाईंना आवडत नाही.”

बाईंना आठवलं. तपासला होता खरा. त्याच आठवड्यात एक सुई सापडली होती, म्हणून. पण हे त्याला सांगितलं नव्हतं.

“मला तर वाटायचं, ती मानाची जागा आहे,” घड्या घालणारी मावशी म्हणाली. तिच्या पायांच्या शिरा फुगलेल्या होत्या आणि ती कायम भिंतीला टेकून काम करायची.

“मानाची? रक्ताची धुणी?”

“मग इन्चार्ज कशाला करेल?”

पालथ्या घड्यावर पाणी म्हणावं तर घडे पालथे दिसत नव्हते. रोलरवाली आपल्या रोलरला कुणाला हात लावू देत नाही, इंजिन ताप अंगात घेऊन येतो पण ड्रायर दुसऱ्याकडे देत नाही, मावशी पाय सुजले तरी बोलत नाही. हे सगळं बाईंना रोज दिसत होतं आणि आवडतही होतं. आज पहिल्यांदाच त्यांना वाटलं, ही माणसं हे कुणाचं बघून करताहेत? मग वाटलं, छे, कुठला संबंध कुठे लावतेय.

डावा हात एकटा पिशवी उघडू शकत नव्हता. बाई दहा मिनिटं टेबलाजवळ नुसत्या उभ्या राहिल्या. हात ठणकायला लागला तसं त्यांनी इंजिनला सामानाच्या खोलीतून खुर्ची आणायला सांगितलं. ती आली, पुसली गेली, टेबलाशेजारी ठेवली गेली. बाई बसल्या. सगळे त्यांच्याकडे बघत राहिले.

“रोलरवाली, हातमोजे. दोन घाल. तुझा रोलर आज मावशी बघेल. इंजिन, तू पिशव्या आणून दे.”

रोलरवालीने रोलरकडे एकदा वळून पाहिलं आणि मोजे चढवले. पहिली पिशवी उघडली. बाई तोंडाने सांगत गेल्या: झटकू नको, कडेपासून उलगड, हात सपाट फिरव. एवढं बोलायची सवय नसल्याने घसा सुकला. तिसऱ्या पिशवीत कात्री निघाली.

“बाई, ही कुठे ठेवायची?”

कात्री बाई खिडकीत ठेवायच्या आणि नऊ वाजता वर नेऊन द्यायच्या. हे कुठे लिहिलेलं नव्हतं, कुणी विचारलेलं नव्हतं. “खिडकीत,” त्या म्हणाल्या. आवाज नेहमीचा वाटला नाही. बराच वेळ गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं, कप पोटावर टेकवलाय. चहा कुणी आणून दिला तेही आठवेना. त्यांनी कप खाली ठेवला.

शनिवारी दुपारपर्यंत ढीग संपला. चौघांनी आळीपाळीने पिशव्या उघडल्या. कुणी कुरकुरलं नाही. हेच बाईंना सगळ्यांत जास्त खटकलं.

“पंधरा वर्षं उभी राहिले तेव्हा एक जण हलला नाही,” त्या नवऱ्याला म्हणाल्या. “आणि बसले तर लगेच कामाला लागले. म्हणजे तो आधीचा बरोबर होता का हो?”

“कोण, पोटावर कप ठेवणारा?”

“तोच.”

नवऱ्याने विचार केला. “मला कसं माहीत? मी बस चालवायचो,” तो म्हणाला आणि बरोबर डब्यातून मीठ काढलं. ते बाईंनी पाहिलं.

सोमवारी त्यांनी मेट्रनना रोलरवालीचं नाव दिलं. मेट्रननी लिहून घेतलं. पिशव्या खालीच राहतील, चौघांची नोकरीही राहील, म्हणाल्या. मग पेन थांबलं. “निवडीचं कारण काय लिहू?”

“कात्री कुठे ठेवायची, हे तिने विचारलं.”

“हे काय कारण झालं?”

“मलाही तसंच वाटतंय,” बाई म्हणाल्या. “पण दुसरं नाही.”

त्या खाली आल्या तेव्हा लॉन्ड्रीत चार खुर्च्या होत्या. एक मावशीची, घड्यांच्या टेबलापाशी. ती पाय लांब करून बसली होती. एक ड्रायरजवळ. एक लाल टेबलाशेजारी, तिच्यावर रोलरवाली ऐटीत बसून इंजिनला सांगत होती, “झटकू नका, कडेपासून उलगडा.” चौथी रिकामी होती, दाराजवळ, बाईंसाठी. बाई तिच्याकडे बघत उभ्या राहिल्या. आता बसावं, की उभं राहावं? दोन्हींतून ही माणसं काय उचलतील, याचा त्यांना अंदाज येईना.