हौसाबाईंकडे राहिलेली वही

सई, ईशान, हे आजच लिहून ठेवते, कारण सकाळी तासभर मला वाटत होतं की तुमच्यासाठी लिहिलेली वही गेली.

फुलं घेताना मी ती फुलवाल्या हौसाबाईंच्या टोपलीशेजारी ठेवली आणि तशीच घरी आले. त्या हाताला लागेल त्या कागदात पुड्या बांधतात, हे आठवलं मात्र, चहा अर्धा टाकून मी परत धावले. वही टोपलीखाली होती, पण मागची पानं फाडलेली.

"कोरी होती तेवढीच घेतली, आजी," त्या म्हणाल्या. "लिहिलेल्यात कशी बांधू? मला वाचता येत नाही, पण अशा कागदाला पाय लागला तरी मी नमस्कार करते." मग डोळे मिचकावून म्हणाल्या, "एवढं काय लिहिता? सुनेची गाऱ्हाणी?"

"नाही हो, नातवंडांसाठी आहे!"

जन्मभर कॉलेजात इंग्रजी शिकवलं मी, पण माझ्या अक्षरांचा इतका मान कुणी ठेवला नव्हता. निघताना त्यांनी गजरा दिला, माझ्याच कोऱ्या पानात बांधून. ते ओलसर पान वाळवून मी वहीत परत ठेवलं आहे.

बाकीची चार कोरी पानं गेली. लिहिलेलं प्रत्येक पान जागेवर आहे.