कटिंग मास्तरांचा मूतखडा

माझ्या ताईचे यजमान तयार कपड्यांच्या कारखान्यात कटिंग मास्तर. कापडाचे पन्नास थर एकदम कापतील, पण रेघ केसभर हलणार नाही. हात सोन्याचे, डोकं मात्र दीडशहाण्याचं.

दिवसभर वाकून कंबर धरायची, म्हणून भावोजींनी दुखण्यावरच्या गोळ्या सुरू केल्या. सकाळी एक, दुपारी दोन, अशी बारा वर्षं. डॉक्टरकडे जाणं म्हणजे यांच्या अकलेचा अपमान. उलट कारखान्यात कुणाचं डोकं दुखो, कुणाचा गुडघा, हे खिशातून तीच गोळी काढून द्यायचे. पाणी फारसं प्यायचे नाहीत. सारखं उठावं लागतं म्हणे. पुढे रक्तात साखर निघाली, तेव्हा गोळ्यांबद्दल डॉक्टरीणबाईंनी विचारलंच. हे म्हणाले, कधीमधी घेतो. ताईने तोंड उघडलं तर तिला डोळ्यांनी गप्प केलं.

मग एका दुपारी कुशीत अशी कळ आली, की भावोजी कापडाच्या ढिगावरच आडवे झाले. लघवी लाल. तरी इस्पितळात निदान यांचंच: मूतखडा आहे, पडून जाईल. तिसऱ्या दिवशी खरंच काहीतरी पडलं आणि स्वारी खुशीत आली. तो मऊ, करडा तुकडा तपासायला गेला.

"हा खडा नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तुमच्या मूत्रपिंडाचाच तुकडा आहे. मेलेला. झडून लघवीच्या नळीत अडकला होता."

गोळ्यांनी मूत्रपिंडाच्या आतल्या टोकांचा रक्तपुरवठा आटवला होता, साखरेने त्यात भर घातली होती, असं त्यांनी समजावलं. मग गोळ्या किती, ते पुन्हा विचारलं.

"रोज तीन," ताई म्हणाली. "बारा वर्षं."

तेव्हा कुठे भावोजी रडले. ताईने त्यांचा हात धरला. मी धरला नसता.

मेलेलं ते मेलंच. आता उरलेल्या अर्ध्यामुर्ध्या मूत्रपिंडांवर पथ्यपाण्याने आणि तपासण्यांनी चाललंय. गोळ्या बंद झाल्या, कंबर तशीच. शेवटी ताई एकदा कारखान्यात गेली, यांना बुटक्या टेबलावर वाकून कापड कापताना पाहिलं आणि सुताराला बोलावलं. त्याने टेबलाच्या पायांना वीतभर ठोकळे जोडले. अर्ध्या तासाचं काम. महिन्याभरात कंबरदुखी निम्म्याने कमी झाली.

भावोजी म्हणतात, ते तर त्यांच्या मनात होतंच.