सरासरी बिघडवणारी बाई

शाळेच्या स्वयंपाकघराला आणि आठवीच्या वर्गाला मिळून एकच भिंत होती, तीही फळ्यांची. फटींतून इकडचा धूर तिकडे जायचा आणि तिकडचं इंग्रजी इकडे यायचं. बोसिबोरी नऊ वर्षं त्या भिंतीच्या अलीकडे उभी होती. चारशे पोरांचा मका-घेवडा रटरटत असायचा, ती वल्ह्याएवढा घाटा फिरवत असायची, आणि पलीकडे मोरा बाई एकेक अर्धवट तुलना वर्गावर फेकायच्या. साठ पोरं एका दमात तिला शेपूट जोडायची. आंधळा कसा? वटवाघळासारखा. गरीब कसा? चर्चमधल्या उंदरासारखा. शांत कसा? काकडीसारखा. ठणठणीत कसा? फिडलसारखा. पांढरं कसं? हिमासारखं.

आठवीच्या सरकारी परीक्षेत यांतले काही प्रश्न हमखास येत. चार पर्याय, एक खरा, तो पेन्सिलीनं काळा करायचा. खरा का, हे विचारायचं नाही.

नैरोबीपासून लांब, कीसीच्या त्या टेकड्यांवर गारा पडत, हिम कुणी पाहिलं नव्हतं. चर्चमधले उंदीर तर चांगले गलेलठ्ठ होते, चर्च झाडायची पाळी बोसिबोरीकडेच असल्यामुळे तिला ते ठाऊक होतं. तरी ते शब्द तिला आवडायचे. कुणीतरी फार दूर बसून, दुसऱ्याच पावसात भिजून ठरवलेले शब्द. ती ते जिभेवर घोळवायची आणि वापरून टाकायची.

"काय रे ओंचिरी, आज अगदी न्यायाधीशासारखा शुद्धीवर!" लाकडं घेऊन झुलत येणाऱ्या ओंचिरीला ती इंग्रजीत म्हणायची.

"ही शिवी की आशीर्वाद, ओगेतोच्या आई?"

"लाकडं ओली निघाली तर शिवी."

बोसिबोरी याच शाळेत शिकली होती. सातवीपर्यंत. अठ्ठ्याऐंशी साली तिला सातवीत दुसऱ्यांदा बसवलं, पुढच्या वर्षी तिसऱ्यांदा. नापास झाली म्हणून नव्हे. आठवीच्या परीक्षेला बसली असती, तर तिच्या गुणांनी शाळेची सरासरी खाली ओढली असती. त्या भागात शाळेची अब्रू त्या एका आकड्यावर टांगलेली असे. आकडा वाढला की गावकरी हेडमास्तरांना खांद्यावर घेऊन नाचत, घसरला की फाटकाला बाहेरून कुलूप घालत. म्हणून कच्ची पोरं यादीबाहेर ठेवण्याची रीत होती. त्यात कुणालाच काही गैर वाटत नसे. तिसऱ्या वर्षी बाप म्हणाला, "एकाच इयत्तेत किती म्हातारी होणार तू?" आणि तिचं लग्न करून दिलं.

आता तिचा ओगेतो स्वतः शिकून नैरोबीला गेला होता. आणि फेब्रुवारीच्या एका सकाळी, नोंदणी सुरू झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी, बोसिबोरी हेडमास्तर ओन्सोंगो यांच्या टेबलासमोर उभी होती. हातात जन्माचा दाखला आणि दोन फोटो.

"माझं नाव आठवीच्या यादीत घाला, मास्तर."

मास्तरांना वाटलं, थट्टा आहे. मग त्यांनी फोटो पाहिले. डोक्याला फडकं नसलेली, केस चापून बसवलेली बोसिबोरी. थट्टेसाठी कुणी एवढे केस विंचरत नाही.

"अहो, बाजारात प्रौढांचं केंद्र आहे ना. तिथे जा."

"तिथे केंद्राची पाटी आहे. शिकवायला कोण आहे?"

"आणि इथे तुम्हाला कोण शिकवतंय?"

"भिंत."

मास्तर हसले नाहीत. त्यांच्या मागे फळ्यावर खडूनं पाच वर्षांच्या सरासऱ्या लिहिल्या होत्या. शेवटचा आकडा आधीच्यापेक्षा खाली होता. "ओगेतोच्या आई, तुमच्याबद्दल मला आदर आहे. पण गणिताचं काय?"

"चारशे ताटं, आठवड्याला पाच दिवस, एका दिवशीही कमी पडली नाहीत. गणिताचं तुम्ही मला सांगू नका."

शेवटी मास्तरांनी, वाद टळावा म्हणून, एक वाट काढली. सोमवारी आठवीची इंग्रजीची सराव परीक्षा होती. तिनं बसावं. निम्म्याच्या वर गुण मिळाले तर बघू. ते 'बघू' कोणत्या जातीचं होतं हे दोघांनाही माहीत होतं.

सोमवारी बोसिबोरीनं पहाटेच घेवडा चुलीवर चढवला, ओंचिरीला जाळ बघायला बसवलं आणि शेवटच्या बाकावर जाऊन बसली. गुडघे बाकाखाली मावेनात. पन्नास प्रश्न होते, त्यांतले दहा तुलनांचे. बाकीचे तिनं झगडून सोडवले, पुष्कळ चुकवले. त्या दहांपाशी मात्र ती थांबली नाही. प्रश्न वाचला की भिंतीपलीकडून साठ पोरं कानात ओरडत.

मंगळवारी मास्तरांनी तिला बोलावलं. पन्नासांपैकी एकतीस. तुलनांचे दहापैकी दहा.

"कुणाचं बघून लिहिलंत?"

तिला आधी प्रश्नच कळला नाही.

मास्तरांनी गठ्ठा पुढे सरकवला. "हे बघा. साठ पोरांपैकी बेचाळिसांनी पांढरं म्हणजे मक्याच्या पिठासारखं असं लिहिलंय. ठणठणीत म्हणजे बैलासारखा, एकोणचाळीस जणांनी. वीस वर्षं शिकवतोय मी. रोज घोकून घेतलं तरी परीक्षेत आमची पोरं घाबरतात. घाबरली की विचार करायला लागतात. विचार केला की पीठ आणि बैल. या टेकड्यांवरचं माणूस इथे चुकतंच. तुम्ही एकही चुकला नाहीत. म्हणजे काय?"

खोलीत मोरा बाई होत्या. त्या म्हणाल्या, "सर, मावशी एकट्याच बसल्या होत्या, मागे."

"मी तुम्हाला विचारलं नाही."

बोसिबोरीला राग आला तो सावकाश, जाड बुडाचं पातेलं तापावं तसा. चुकली असती तर कच्ची म्हणून बाहेर. चुकली नाही, तर चोर म्हणून बाहेर. फळ्यावरच्या त्या आकड्याला तिचं काहीच चालत नव्हतं.

"शुक्रवारी झेंड्यापाशी विचारा," ती म्हणाली. "सगळ्यांसमोर. तुमच्या मनात येईल ते."

"त्याची गरज नाही."

"चोर म्हणालात मास्तर. आता गरज आहे."

मोरा बाईंनी ही गोष्ट स्वतःपाशी ठेवली नाही. शुक्रवारी रांगा नेहमीपेक्षा लवकर लागल्या, कुंपणाबाहेर चहाची पानं खुडायला निघालेल्या बायाही टोपल्या पाठीवर घेऊन थांबल्या. आता मास्तरांना माघार घेता येईना. ते पुस्तक उघडून भराभर विचारत गेले. आंधळा? गरीब? मुका? जुना? हट्टी? बोसिबोरी कमरेच्या फडक्याला हात पुसत एकेक उत्तर देत गेली, आणि तिच्या प्रत्येक उत्तराच्या आधी रांगांमध्ये ओठ हलत होते. तीस झाले. मास्तरांनी पुस्तक मिटलं.

"पाठ आहे. मान्य. पण कळतंय का? फिडल म्हणजे काय, सांगा."

"नाही माहीत," बोसिबोरी म्हणाली. "तुम्ही पाहिलंय?"

मास्तरांनी मिटलेलं पुस्तक पुन्हा चाळलं. ती मोरा बाईंकडे वळली. मोरा बाईंनी मान हलवली. मग ती पोरांकडे वळली आणि मोठ्यानं म्हणाली, "कुणी पाहिलंय का रे?" चारशेजणांत एक हात वर झाला नाही. कुंपणापलीकडची एक बाई फिसकन हसली आणि ते हसू रांगांमधून पसरत गेलं.

"मग न कळण्याची शिक्षा मला एकटीलाच का?"

मास्तरांनी पोरांना वर्गात पिटाळलं आणि तरातरा कचेरीत गेले. ती मागोमाग गेली. त्यांनी यादी काढली, टेबलावर ठेवली, आणि त्या यादीवर दोन्ही हात ठेवून बसले. त्यांचा आवाज आता भांडणाचा नव्हता, थकलेला होता.

"परीक्षा पाच विषयांची आहे, बाई. सरासरी घसरली तर लोक फाटकाला कुलूप लावतील. मी काय सांगू त्यांना?"

"सांगा, बोसिबोरीमुळे घसरली. फळ्यावर लिहा, सगळ्यांना दिसेल असं. माझी हरकत नाही."

"तुम्हाला लाज नाही वाटणार?"

"तेवीस वर्षं सरासरी माझ्यामुळे घसरली नाही, मास्तर. त्याची लाज वाटते."

त्यांनी खुर्चीकडे बोट दाखवलं. ती बसली नाही. पहिले तास संपेपर्यंत ती उभीच राहिली. मधल्या सुट्टीची घंटा झाली, ताटं वाजायला लागली, ओंचिरी दारातून डोकावून म्हणाला, "वाढायचं कुणी?"

"तू वाढ," ती मागे न बघता म्हणाली. "घाटा जागेवर आहे."

मास्तरांनी हात बाजूला घेतले. साठाव्या नावाखालची ओळ मोकळी होती. त्यांनी पेन्सिल उचलली.

"शाईनं," बोसिबोरी म्हणाली.